शालनच्या हातावरचं क्रीम

मॅडमांनी माझ्या पालथ्या हातावर गुलाबी क्रीम चोळलं आणि म्हणाल्या, “वास घ्या सिस्टर. याला डेमो म्हणतात. आधी हातावर लावायचं, मग विकायचं.”

हे सांगलीला, माझ्या आईच्या घरी. मॅडम मुंबईच्या एका कंपनीसाठी घरोघरी स्नो-पावडर विकणाऱ्या बायका नेमत होत्या. दुकान नको, साहेब नको, वेळ आपला आणि कमिशनही आपलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फलटणजवळच्या एका गावात नर्स होते. बाळंतपणं यायची ती अपरात्रीच. मिस्टर फौजेत, म्हणून माझी मनी आईकडे. महिन्या-दोन महिन्यांनी मी यायचे आणि अर्धा दिवस ती मला लाजायची. पोटच्या पोरीनं आपल्याला पाहुण्यासारखं लाजावं, याहून वाईट काही नाही.

मला रोज सकाळी मनीची वेणी घालायची होती, एवढंच. धंदा जमला तर राजीनामा देऊन सांगलीत राहता येणार होतं. मॅडम म्हणाल्या, आधी गावातच ट्रायल घ्या, तुम्हाला कुठलं दार बंद आहे? आणि गिऱ्हाईकाला कधी ‘नाही’ म्हणू नका. सॅम्पलचा डबा घेऊन निघताना मी मनीला सांगितलं, शाळा सुरू झाली की तुझी वेणी मीच घालणार.

दार खरंच कुठलं बंद नव्हतं. पण माझी पांढरी साडी बघून बायकांना हे औषधच वाटे. एकीनं विचारलं, सरकारी आहे ना, मग पैसे कसले? दुसरी म्हणाली, मालक रजेवर आले की घेईन. गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि तो सरहद्दीवर असताना बायकोनं नटलेलं लोकांना खपत नसे. मला ते कुणी सांगायला नको होतं. माझाही पावडरचा डबा रजेपुरताच उघडायचा.

मग शालनच्या घरी गेले. फौजीची बायको, पहिलटकरीण, आठवा महिना. पोटुशी बाईला ही थेरं कशाला, म्हणून सासू कुरकुरली. शालनला मात्र घ्यायचंच होतं.

“ह्यांची रजा मंजूर झालीया,” ती हळूच म्हणाली. “माझं त्वांड लय सुजल्यावानी दिसतंय, बाई. हे लावल्यावर उतरंल का?”

‘हो’ माझ्या ओठांवर आलंच होतं. डेमो म्हणून तिच्या हातावर क्रीम चोळत होते. अंगठा उचलला, तर तिथला खड्डा तसाच राहिला. असा खड्डा भरून आला नाही, तर अंगात पाणी साठलंय समजायचं. त्यात बीपी वाढलेलं असेल तर झटके येतात आणि बाई-मूल दोघंही जाऊ शकतात. आम्ही याला टॉक्सिमिया म्हणत असू.

“डोकं दुखतं का गं?”

“सकाळधरनं. डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात.”

बीपीचं मशीन राहिलं होतं क्वार्टरवर, पिशवीत नुसत्या स्नोच्या बाटल्या. धावत जाऊन मशीन आणलं. पारा बघून म्हणाले, आत्ताच्या आत्ता फलटणला.

“आवं, सुजत्यातच की बायका,” सासू म्हणाली. “ल्योक येऊ द्या, मग नेऊ.”

“तो येईल तेव्हा ही दिसायला हवी ना त्याला?”

सासूनं शालनची चप्पल पुढं सरकवली. कारखान्याकडे ऊस घेऊन चाललेला ट्रक थांबवला. शालनला ड्रायव्हरच्या आणि माझ्या मधे बसवलं. वाटभर तिचा हात धरून होते. केबिनमध्ये त्या क्रीमचा गुलाबाचा वास सुटला होता आणि मी तिचे डोळे फिरतात का ते बघत होते.

झटका आला नाही. मुलगी झाली. किडकिडीत, पण रडणं खणखणीत. बाप रजेवर आला तेव्हा शालनच्या तोंडावरची सूज उतरली होती, क्रीम न लावताच.

मी डबा परत केला. वर्षभरात नोकरी सोडली असती तुम्ही, असं मॅडम म्हणाल्या. मला तरी दुसरं काय हवं होतं? पण गावात दुसरी नर्स नव्हती, आणि त्या दिवसापासून कुणाचाही हात धरला की मी क्रीम विसरून खड्डाच बघू लागले. जोडधंद्याला मोकळा वेळ असून भागत नाही, हातही मोकळा लागतो.

मनी सांगलीतच वाढली. तिच्या लग्नाच्या सकाळी मी फणी घेऊन तिच्या मागे बसले.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “आजीला सवय आहे माझ्या केसांची.”