पाठीवरची बटणं

माझ्या पोरीच्या डोक्यावरून उतरलेला मुकुट मृणालताईंनी दोन बोटांनी उचलला. झिपलॉकच्या पिशवीत टाकला. पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. मग पर्समधून वाइप काढला आणि बोटं पुसली. एकेक बोट. माझ्याकडे बघत.

तो मुकुट आता त्यांच्या मुलीनं, ईरानं घालायचा होता. लाल मखमलीचा, मण्यांनी मढवलेला, कपाळावर उभा राहणारा. रशियन नाचातला. खोलीत आम्ही सगळ्या आया होतो, कुणी रशियन, कुणी चिनी, दोघी गुजराती. सगळ्यांना ऐकू जाईल असं ताई इंग्रजीत म्हणाल्या, ईराला अ‍ॅलर्जी आहे, तिला दुसरा मुकुट द्या. आया हळहळल्या. मग त्या माझ्याजवळ आल्या, आवाज खाली आणला आणि मराठीत म्हणाल्या,

"राग मानू नका हं. पण ज्याचं त्याच्यापाशी राहिलेलं बरं असतं."

त्या खोलीत हे वाक्य आम्हा दोघींनाच कळलं.

माझ्या यशोधराच्या आधी त्याच मुकुटात एक रशियन पोरगी घामाघूम झाली होती. तिच्याआधी एक चिनी. तेव्हा अ‍ॅलर्जी झोपली होती. यशोधराचा घाम लागला आणि ती खडबडून जागी झाली.

मी काय केलं? हसले. भ्यालेलं माणूस हसतं. खुर्चीवर बसले आणि उगाच बुटांच्या नाड्या सोडवत राहिले.

भीती कशाची तेही सांगते. मृणालताईंचा नवरा माझ्या नवऱ्याचा मॅनेजर. आमचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. मी नागपूरला शाळेत शिकवायची, इथं अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट. नोकरी गेली की एडिसनमधलं घर गेलं, पोरीची शाळा गेली. म्हणून आम्ही दबकून राहायचो. कुठले, असं कुणी विचारलं की नागपूर म्हणायचं आणि लगेच संत्र्यांवर घसरायचं. संत्र्यांनी आम्हाला पुष्कळदा वाचवलं. माझ्या आईला गावात पाणी वरून ओतायचे. मला वाटलं होतं, एवढा समुद्र ओलांडल्यावर ती ओंजळ मागंच राहिली.

आम्हाला उघडं पाडलं ते एका गाण्यानं.

पोरींचा हा नाच-गाण्याचा क्लास मिस गालीना चालवतात. म्हातारी बाई, पाठीचा कणा अजून ताठ. सोव्हिएत काळात त्या स्वतः लहान मुलांच्या अशाच एका संचात होत्या. हॉलच्या भिंतीवर त्यांचा जुना फोटो आहे. पांढरे शर्ट, गळ्यात लाल रुमाल, मुलींच्या डोक्यावर केवढाल्या पांढऱ्या रिबिनी. आधी सगळ्यांनी रांगेत उभं राहून गायचं, मग पळत आत जाऊन पोशाख बदलून नाचायचं. तेव्हाच्या त्यांच्या देशात जेवढी प्रजासत्ताकं, तेवढे पोशाख. लांब बिनबाह्यांचे सराफान झगे, फुलांचे मुकुट, उझबेकी टोपीखाली बारीक वेण्या, लाल बूट. तसेच पोशाख त्यांनी इथं शिवून घेतलेत. पेट्या भरून.

नियमही तिथलेच. पोशाखावर नाव लिहायचं नाही. जो बसेल तो आज तुझा, उद्या दुसरीचा. बटणं सगळी पाठीवर असतात, म्हणून प्रत्येकीची एक जोडीदारीण. तिनं तुझी लावायची, तू तिची. यशोधराची जोडीदारीण होती ईरा. दोघी एकमेकींची बटणं डोळे मिटून लावायच्या.

आणखी एक रीत. दर वर्षी प्रत्येक मुलीनं घरचं एक गाणं आणायचं. त्यातली काही निवडून सगळा संच शिकतो. यशोधरानं माझ्या आईचं नेलं. जात्यावरचं. आईनं स्वतः जोडलेलं. त्यात निळा झेंडा आहे, आणि ज्या बापानं आमच्या हातात पुस्तक दिलं त्या बापाचं नाव आहे. मला न विचारता नेलं. विचारलं असतं तर मी दुसरं दिलं असतं, चांदोबाचं किंवा पावसाचं. मिस गालीनांना ते फार आवडलं. चिनी, रशियन, गुजराती पोरी माझ्या आईची ओवी गाऊ लागल्या. ईराही. एका सकाळी ती सिरियल खाता खाता तेच गुणगुणली. मृणालताईंनी शब्द ऐकले.

त्यानंतरच्या रिहर्सललाच तो मुकुट पिशवीत गेला. ईराची जोडीदारीण बदलली. आणि ताईंनी मिस गालीनांना सांगितलं की ते गाणं पॉलिटिकल आहे, कार्यक्रमातून काढा.

नवऱ्याला सांगितलं तर तो ताटावरून उठला. "काढू दे न गाणं. काहून डोक्याला ताप? ग्रीन कार्डपर्यंत गप राहू, यार." त्याला शिव्या द्याव्या असं वाटलं, पण तो खरकट्या हातानं दाराची कडी लागलीय का ते बघायला गेला. तोही माझ्यासारखाच भ्यालेला होता.

मिस गालीनांनी मला बोलावून घेतलं. यशोधरा बरोबर होती. गाणं ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही सांगा, म्हणाल्या. काढा, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात यशोधरानं विचारलं,

"आई, डिड आय सिंग इट राँग?"

मिस गालीनांना आमचं सगळं कळलं असेल असं नाही. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. या संचात मी सगळ्यांचे पोशाख घातले, म्हणाल्या. मी ज्यू. माझ्या आजीच्या भाषेतलं गाणं मात्र आम्ही कधी गायलो नाही. पेटीत सगळे होते, आम्ही नव्हतो. आणि मी टाळ्यांना वाकून नमस्कार करत राहिले, त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, गाणं राहू द्या. मोठं धैर्य वगैरे काही नव्हतं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी नवरा मागच्या रांगेत बसला, दाराजवळ. त्याचा मॅनेजर पुढच्या रांगेत.

रांगेतलं पहिलं गाणं संपलं आणि पोरी पळत आत आल्या. पोशाख बदलायची एकच झुंबड. मी पिना देत होते. ईराची नवी जोडीदारीण कुठं गर्दीत अडकली कोण जाणे. ईरा सराफान चढवून, सवयीनं, सरळ यशोधरापुढे येऊन उभी राहिली. पाठ करून. बटणं उघडी.

यशोधराचे हात वर गेले. आणि थांबले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. हात लावू का, असं विचारत.

ती नजर मी ओळखली. आई पाणी मागायच्या आधी अशीच बघायची. ही पोर इथंच जन्मली. गाव तिनं फोटोत पाहिलंय. तिला कुणी शिकवलं हे? मी शिकवलं. त्या दिवशी नाड्या सोडवत बसले, तेव्हा ती समोरच होती.

माझं अंग पेटलं. आणि भीतीही तेवढीच. दोन्ही एकदमच. मृणालताई गर्दीतून येत होत्या, हातात वाइप्सचं पाकीट.

"यशो, बटणं लाव," मी म्हटलं.

"ईरा, इकडे ये," ताई म्हणाल्या. मग मला, हसून, मराठीत, "अहो, सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

मी मध्ये उभी राहिले.

"ताई, ईराला अ‍ॅलर्जी नाही. त्या दिवशी तुम्ही मला मराठीत काय म्हणालात, ते या सगळ्यांना इंग्रजीत सांगू?"

ताईंचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. त्यांनी आजूबाजूच्या आयांकडे पाहिलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. अजून कळलं नव्हतं. त्या दोन पावलं मागं सरल्या.

यशोधरानं बटणं लावली. मग पाठ फिरवली, आणि ईरानं तिची लावली.

शेवटी ते गाणं झालं. निळा झेंडा सगळ्या पोशाखांच्या तोंडी आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अर्थ ठाऊक नव्हता. पुढच्या रांगेत दोन हात मांडीवरच होते, आणि ज्यांचे होते त्यांना अर्थ नीट कळला होता.

सोमवारी नवरा ऑफिसला गेला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. अजून काही झालेलं नाही. होईल. फोन वाजला की मी आधी नंबर बघते. भीती गेली असं मी म्हणणार नाही, मला खोटं बोलायचं नाही. संत्रीसुद्धा आता पुरे.

घरात एकटी असले की मी मोठ्यानं सराव करते. काय घडलं, कुणी केलं, का केलं. इंग्रजीत. आधी अडखळायची, आता सरळ सांगते. कुणी विचारलं तर सांगणार आहे. नाही विचारलं तरी सांगणार आहे. नोकरी जायची तर जाईल, बॅगा भरायला मला येतात. पण कुणाला हात लावण्याआधी माझी पोर पुन्हा माझ्याकडे बघणार नाही.