न घेतलेले शेअर

आमच्या आतोबांना नवी वस्तू दाखवायची सोय नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. कुणी हौसेने मिक्सर दाखवला की लोक रंग बघतात, भांडी मोजतात. आतोबा तो उलटा करून कंपनीचं नाव वाचायचे आणि विचारायचे, "कधी घेतलास? केवढ्याला?" मग डोळे अर्धवट मिटून थोडा वेळ ओठ हलायचे आणि निकाल लागायचा, "मिक्सर न घेता ह्याच कंपनीचे शेअर घेतले असतेस ना, तर आज त्यात तुझं स्वयंपाकघर नवं झालं असतं."

माझ्या बाबांनी लग्नानंतर स्कूटर घेतली होती. तिचा सांगाडा भंगारात गेला तरी आतोबांच्या हिशेबात ती धावतच होती. दरवर्षी तिची किंमत वाढायची. "मेहुणे, तुमची स्कूटर आता वन बीएचके झाली बरं का," असं ते भाऊबीजेच्या पंगतीत सांगायचे, आणि बाबांचा घास घशात अडकायचा. सगळे वैतागायचे, पण खरं सांगायचं तर त्यात टोचणी नव्हती. दुसऱ्याला हिणवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आंब्याची कोय लावली असती तर झाड केवढं झालं असतं, असं लहान मूल विचारतं ना, तसंच ते कुतूहल होतं. बोनस शेअर किती मिळाले असते, शेअरचे तुकडे किती पडले असते, लाभांश पुन्हा त्यातच घातला असता तर काय, हे सगळं ते कागदाशिवाय करायचे आणि उत्तर आलं की स्वतःच थक्क व्हायचे.

त्यांना पुरून उरणारं माणूस एकच, आमची आत्या. तिने पहिला प्रेशर कुकर आणला तेव्हाही हाच हिशेब झाला. तिने शांतपणे विचारलं, "मग भात काय शेअरच्या कागदावर शिजवायचा?" आतोबा खो खो हसले. स्वतःवर झालेला विनोद ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन स्वतःच सांगायचे.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाकडे स्वतःचा एकही शेअर नव्हता, हे ऐकून नवे लोक चकित होतात. पगारातून घर चालायचं, मुलीचं शिक्षण व्हायचं आणि उरायचं काही नाही. "माझा अभ्यास थिअरीचा," असं ते म्हणायचे.

निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा थिअरीचं प्रॅक्टिकल करायची वेळ आली. पंपांची ड्रॉइंग करताना वर्षानुवर्षं एका कंपनीचे व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून गेले होते. त्या व्हॉल्व्हच्या ओतकामावर ते असं बोलायचे, की तसं बायका पैठणीच्या पदरावरही बोलत नाहीत. सगळे पैसे त्या एकाच कंपनीत घालायचे आणि विसरून जायचं, असं त्यांनी ठरवलं. इकडे आत्याचे गुडघे गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. खाली उतरायचं म्हणजे तिला आदल्या दिवसापासून धास्ती. मंडळाची भजनं सुटली, बाजार सुटला. त्याच पैशांत आणि जुनं घर विकून मानपाडा रोडला लिफ्टवाल्या इमारतीत छोटा फ्लॅट येत होता.

आत्या भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही नेहमी चाललेल्या कंपन्यांचेच हिशेब करता. बुडालेल्यांचे कधी केलेत? हे म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसणं झालं."

दुसरा कुणी चिडला असता. आतोबा विचारात पडले. मी तेव्हा नोकरीला लागले होते, ठाण्याच्या खोपटहून रविवारी त्यांच्याकडे जायचे. त्या रविवारी ते मला म्हणाले, "चल गं, जरा बंद पडलेल्या कंपन्या बघून येऊ." माणसं रविवारी तलावपाळीवर फिरायला जातात. आम्ही दोघं एमआयडीसीतली गंजलेली गेटं बघत फिरलो.

एका गेटवर पिकल्या मिशांचा वॉचमन बसला होता. गप्पांत कळलं, की तो त्याच कारखान्यात फिटर होता आणि कंपनीने कामगारांना शेअर दिले तेव्हा त्यानेही घेतले होते.

"अजून आहेत?" आतोबांचे डोळे चमकले. "इतकी वर्षं धरून ठेवलेत?"

"धरून कसले साहेब! घेणाराच नाय कोन. ट्रंकेत पडलेत."

"तेव्हा लोक काय म्हणायचे कंपनीबद्दल?"

"सोन्याची खान म्हनायचे. इकू नको म्हनायचे."

 मग आतोबांनी जे खरं विचारायचं होतं ते विचारलं, "माल कसा होता?"

"एक नंबर!" वॉचमन ताठ बसला. "मालात खोट नव्हती साहेब. आजपन कुठं बसवलेला असंल तर चालू असंल."

 परत येताना रिक्षा स्टँडपाशी आतोबा म्हणाले, "माल चांगला असूनही बुडते म्हणजे कमाल आहे, नाही? आमची व्हॉल्व्हवाली वाढेल असं मला अजूनही वाटतं. पण ते वाटणं झालं. हिचे गुडघे मात्र नक्की दुखतायत." घरी पोचल्यावर चपला काढता काढताच त्यांनी आत्याला सांगितलं, "तो लिफ्टवाला फ्लॅट उद्या बघून येऊ."

आत्या पुन्हा खाली उतरू लागली. भजनाला जाऊ लागली, भाजीवालीशी हुज्जत घालू लागली. आणि व्हॉल्व्हवाली कंपनी वाढली. वाढली म्हणजे किती, तर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आतोबांचा मला फोन यायचा. "अगं, ह्या वर्षी तर बोनस दिला! घेतले असते तर आज असे पाच फ्लॅट आले असते, लिफ्टसकट!" आवाजात हळहळ नसायची. शेजारच्या मुलाचा नंबर आल्यासारखा आनंद असायचा. मग आवाज एकदम खाली यायचा, "हिला सांगू नकोस हं."

मागच्या वर्षी आतोबा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. दिवसपाणी आटोपलं, पाहुणे पांगले आणि एका दुपारी आत्याने मला जवळ बसवलं.

"एक विचारू? त्या व्हॉल्व्हच्या कंपनीचं पुढे काय झालं गं? ह्यांना विचारलं की म्हणायचे, आहे तिथेच आहे, बरं झालं घेतले नाहीत. पण मला आपलं लागून राहिलंय. माझ्या गुडघ्यांपायी त्यांची एवढी एक हौस राहिली."

मला आकडा पाठ होता. सगळ्या नातेवाइकांचे जर-तर भर पंगतीत सांगणारा माणूस स्वतःचा तेवढा एक घरात दडवून बसला होता, तोही इतकी वर्षं, रोज हिच्यासमोर बसून. मला भडभडून आलं. 

"नाही गं आत्या. कुठली वाढतेय! आहे तिथेच आहे."

"खरंच?"

"अगदी."

आत्याने पदराने डोळे पुसले. "सुटले बाई," म्हणाली. मग पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दाराबाहेर जाऊन लिफ्टचं बटण दाबलं. "येतेस का? कोथिंबीर संपलीय."