दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट

जालन्यातल्या एका स्टुडिओत मी जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला गेलो होतो. माझ्या आधी शहागडकडचे एक गृहस्थ बसले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. घरात व्हीसीआर कधी आलाच नाही, म्हणून स्वतःच्या लग्नाची कॅसेट ते पहिल्यांदाच बघणार होते.

पडद्यावर नवरानवरी आले, तसे ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"हा मी न्हाई. अन् ही आमची मंडळीबी न्हाई."

शूटिंगवाल्यानं गावातल्याच दुसऱ्या कुठल्या लग्नाची कॅसेट त्यांना दिली होती. स्टुडिओवाला ती बाहेर काढणार, तोच त्यांनी त्याचा हात धरला.

"थांबा! जरा मागं घ्या, जल्दी."

पंगतीत एक उंच म्हातारा वाकून बुंदी वाढत होता. गावात लग्न कुणाचंही असो, वाढायला सगळेच जातात. गृहस्थ पडद्याजवळ गेले, म्हाताऱ्यावर बोट टेकवून उभे राहिले.

"यांचा एक फोटोबी न्हाई आमच्याकडं."

"मंग उतरवू का? फाइलला नाव काय टाकू?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हीच सांगा भाऊ. लग्न माझं न्हाई, पण बाप माझाच हाये."