कार्डांची पूजा आणि पुण्याचे यंत्र

श्रीगजाननास व वाग्देवतेस वंदन करून, सत्तरीच्या दशकात आमच्या सोलापुरात भरलेल्या संगणनशास्त्राच्या पहिल्या संयुक्त वर्गाची हकीकत लिहावयास घेतो. आमची नात आता तोच विषय शिकू लागली आहे, हे निमित्त.

गणित, पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र हे विभाग त्या वर्गासाठी एकत्र आले होते. म्हणजे एका सतरंजीवर बसले होते. पंचांगाचे गणित जाणणारा संस्कृतचा अध्यापक म्हणून मलाही बोलावणे होते. संगणक मात्र पुण्यास. आम्ही येथे आमची आकडेमोड यंत्रास वाचता यावी म्हणून कार्डांस हातयंत्राने छिद्रे पाडावयाची, ती एस.टी.ने धाडावयाची, आणि तिकडून कौल आला की त्याचा अर्थ लावीत बसावयाचे. ही रीत मला चटकन समजली. देवळात दुसरे काय चालते?

पुण्याने आम्हांस यंत्राची एकच संध्याकाळ दिली होती. अर्थशास्त्राच्या एका तरुण अध्यापिकेचा, मंगळवेढ्याच्या ज्वारीचा पावसाशी मेळ घालणारा प्रबंध त्या संध्याकाळवर अडला होता. तो सत्रापूर्वी पुरा न झाल्यास तिची हंगामी नोकरी जाणार होती.

कार्डे निघण्याच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी त्यांची पूजा योजिली. एरवी माझ्या गंधाकडे पाहून हसणारे पदार्थविज्ञानाचे प्रमुखच सर्वांत पुढे.

"प्रत्येक कार्डाला कुंकू लागलं पाहिजे, गुरुजी. आणि पहिलं आमच्या गठ्ठ्याला!"

"ते का?" गणिताचे प्रमुख उसळले. "गणिताशिवाय तुमचं पान हलतं का?"

ओले कुंकू कागदास मानवणार नाही, असे मी नम्रपणे सुचविले.

"तुम्ही मंत्र म्हणा. यंत्राचं आम्ही बघतो," दोघे एकमुखाने म्हणाले. विभागांचे ऐक्य मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

अध्यापिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, मी चौरंगावर कोरी कार्डं ठेवली तर देव रागावेल?"

"अगं, सुपारी मांडून आपण तिला गणपती म्हणतो. वस्त्र नसलं तर अक्षता वाहतो. देवाला चालतं ते. निःशंक ठेव."

पूजा थाटात झाली. अक्षतांसह नारळाचे पाणीही यथेच्छ उडाले. गठ्ठे बांधताना शिपाई म्हणाला, "साहेब, लई चिकटल्यात की ही!"

"प्रसाद आहे तो. बांध!" पदार्थविज्ञानाचे प्रमुख म्हणाले.

अध्यापिकेची खरी कार्डे कोरड्या डब्यातून त्याच गाडीने गेली.

आठवड्याने प्रमुखांचे गठ्ठे जसेच्या तसे परत आले. सोबत निरोप होता : यंत्र तांदूळ खात नाही. अध्यापिकेचे उत्तर तेवढे लांबलचक कागदावर छापून आले. प्रमुखांनी तो तत्काळ संयुक्त संशोधनाचा विजय ठरविला आणि कुंकवाचे तबक पुन्हा मागविले.

तिने कागद छातीशी धरला. "सर, आधी मला वाचू द्या."

तिने तो वाचला. प्रबंध वेळेत गेला, नोकरी टिकली.

वाचकहो, आपल्या घरी विद्या सुखाने नांदो, लेकीसुनांच्या श्रमांस वेळेवर फळ येवो, आणि देवास पूजेचा व ग्रंथास वाचनाचा मान आपल्या हातून सदैव मिळत राहो. कल्याणमस्तु.