कबूल, पण आधी लिहा

आमच्या फुपीचा लेख छापून आला की चाचा दोन दिवस आमच्या घरी जेवत नसे. फुपी म्हणजे अब्बांची विधवा बहीण. मानवतच्या आमच्या घरात पडद्याआड बसून ती बायकांच्या एका उर्दू मासिकाला लेख पाठवायची. "आपली अब्रू टपालानं हैदराबादला धाडायलीय ही," असं चाचा म्हणायचा. फुपी म्हणायची, "लय हलकी हाय, एका तिकिटात जाती."

एका लेखात तिनं स्वतःच्या निकाहाचं लिहिलं. नवरीची मर्जी विचारायला तिच्या बाजूचा वकील, म्हणजे घरातलाच एक वडीलधारा, पडद्यापाशी आला, तेव्हा तिच्या वतीनं मामीनंच 'हूँ' म्हटलं, आणि त्यानंतर आयुष्यात तिला कुणी काही विचारलं नाही. नवरीला निकाहनाम्यात शर्त घालता येते, हेही त्यातच होतं. तो लेख मी तीनदा वाचला. माझं लग्न ठरलं होतं आणि शाळेची मिडलची परीक्षा चार महिन्यांवर आली होती. सासरचे ताडकळसचे. सुनेनं परीक्षेला बसावं, हे त्यांच्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

निकाहाच्या दिवशी मामू वकील म्हणून दोन गवाह घेऊन पडद्यापाशी आले. "बेटी, कबूल हाय?"

माझ्या मागची म्हातारी 'हूँ' म्हणायला तोंड उघडतेय, तोच फुपीनं तिच्या तोंडात विडा कोंबला. मी म्हणाले, "मिडलची परीक्षा देऊ देनार, असं आधी लिवा. मग कबूल."

बाहेर चाचा कडाडला, "निकाह हाय का मोंढ्यातला सौदा?" मग एक घाबरलेला आवाज आला, "लिवा." तो नवरदेवाचा होता. त्या एका शब्दापायी मी त्या माणसाचे पुढचे शंभर अपराध पोटात घातले.

मी मिडल पास झाले. फुपीनं माझा निकाल पाहिला, आणि पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तिची मासिकं वाळवीनं खाल्ली. आज तिचा एकही लेख माझ्यापाशी नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

फुपी गेल्यावर दोन वर्षांनी चाचाच्या लेकीचा निकाह झाला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. काझीसाहेब लिहायला बसले, तसा चाचानं शेरवानीच्या खिशातून एक कागद काढला.

"पोरीच्या शर्ती हायेत," तो म्हणाला. "पाच हायेत. एक बी सोडू नका."