अध्यक्षांच्या शब्दावरून

प्रमोदिनी मुलमुलेनं वर्ध्यात आपल्या नावाची पाटी लावली ते साल ब्याऐंशी. पाटीवर लिहिलं होतं, ‘प्रमोदिनी केशव मुलमुले, एम.एस्सी., संगणक सल्लागार’. पहिल्याच आठवड्यात पुलगावचे एक गृहस्थ मुलाची आणि होणाऱ्या सुनेची पत्रिका घेऊन आले. मुंबईत म्हणे मशीन पत्रिका जुळवून देतं. तिनं त्यांना चहा पाजला आणि पत्रिका परत केल्या. त्यांच्यामागून एक जण भावाशी चाललेल्या शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात सल्ला मागायला आला. सल्लागार म्हटल्यावर कसलाही सल्ला मिळत असणार, असा त्याचा हिशोब. तोही तसाच गेला. घरमालकीण यशोदाबाई हे सगळं ओट्यावरून पाहत होत्या.

“पोरी, तुयी मशीन कोठी हाय पण?” त्यांनी विचारलं.

“मशीन नाही, यशोदाबाई. मशीन नागपूरला आहे. माझं काम कागदावर.”

“मग पाटी कायले लावली?”

“काम करते म्हणून,” प्रमोदिनी म्हणाली.

ती मूळची देवळीची. वडील केशवराव तिथल्या शाळेत हेडमास्तर होते. गणितात एम.एस्सी. झाल्यावर तिनं मुंबईच्या एका कंपनीच्या परीक्षेचा अर्ज भरला, पास झाली आणि बहात्तर साली मुंबईला गेली. तिथलं यंत्र खोलीभर होतं आणि त्याला माणसांपेक्षा जास्त गारवा लागायचा. काम चालायचं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर. गठ्ठा हातातून पडला की दिवसाची मेहनत फरशीवर. पण ती त्या कामात रमली. लोक नुसते प्रोग्राम लिहायचे. ही आधी सगळ्या कामाचा आराखडा मांडायची. सुट्टीत घरी आली तेव्हा केशवरावांनी विचारलं होतं, की बाई, तू नेमकं करतेस काय?

“समजा एखादी कचेरी आहे, बाबा. तिथं कोण कुणाला काय विचारणार, उत्तर कुठं जाणार, आणि कुणी लबाडी केली तर ती कुठं अडकणार, हे आधी ठरवायचं. मग ते मशीनला शिकवायचं.”

“म्हणजे मुख्य काम लबाडी अडवायचं,” केशवराव म्हणाले. त्यांनी ते थट्टेनंच म्हटलं होतं.

कंपनीत तिनं दहा वर्षं काढली. तिच्या विभागाच्या साहेबाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती मिळाली अच्युत नावाच्या मुलाला. त्याला काम शिकवलं होतं तिनंच. मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून नीट समजावलं, “हे बघा, तुम्ही आज ना उद्या लग्न करून जाल. कंपनीला लांबचं बघावं लागतं.”

“दहा वर्षं मी गेले नाही,” ती म्हणाली. “आता जाते. पण लग्नासाठी नाही.”

तिनं त्याच टेबलावर राजीनामा लिहिला. अच्युत जिन्यापर्यंत मागं आला, वाईट वाटून घेऊ नका म्हणाला. तिनं त्याला सांगितलं, की वाईट वाटलंय, आणि वाटू दे.

आईचं, इंदिराबाईंचं, म्हणणं होतं की निदान नागपुरात तरी राहावं. तिथं कारखाने आहेत, कामं आहेत. पण प्रमोदिनीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. आता आपलं काम आपल्या नावानं करायचं आणि आपल्या मुलखात करायचं. कुणी हसलं तर हसू द्यायचं. सकाळच्या गाडीनं ती नागपूरला जायची, भाड्याच्या मशीनवर काम करायची, संध्याकाळी परतायची. वर्ध्याच्या खोलीत जमिनीवर मोठमोठे कागद पसरलेले असायचे आणि त्यांवर चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. यशोदाबाई दारातूनच बोलायच्या. कागदावर पाय पडेल म्हणून आत येत नसत.

पंच्याऐंशी साली सिंदी रेल्वे या गावाहून बोलावणं आलं. कापसातली सरकी काढणाऱ्या शुभ्रकांचन सहकारी जिनिंग संस्थेनं एक संगणक विकत घेतला होता. अध्यक्ष अण्णाजी मुंबईच्या प्रदर्शनाला गेले, तिथं तो त्यांच्या मनात भरला, आणि आल्या दिवशी त्याला हार घालून फोटोही निघाला. त्यानंतर तो कापडाखाली झाकलेला होता. विकणाऱ्यांनी दिलेला प्रोग्राम कुणाला उमगत नव्हता.

अण्णाजी माणूस दिलदार. जिनिंग त्यांनी उभं केलं होतं, अख्खी सिंदी त्यांना मानायची. त्यांनी प्रमोदिनीला खुर्ची दिली आणि म्हणाले, “बाई, याले कामाले लावा. काय करायचं ते तुमी ठरवा.”

ती मशीनपाशी गेलीच नाही. कापसाचा हंगाम भरात होता. ती फाटकावर जाऊन बसली. फाटकापासून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत कापसानं भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, उभ्या होत्या. बैल तिथंच बांधलेले, माणसं बंडीखाली निजलेली, भाकरी गावाहून मागवलेली. पावती घेऊनही नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. मधूनच एखादी बंडी रांगेच्या कडेनं यायची, फाटक उघडायचं, आत जायची. उभे असलेले लोक मान फिरवायचे.

सेलूकडची मनकर्णाबाई नावाची एक विधवा कास्तकार आपली बंडी घेऊन कधीची उभी होती. प्रमोदिनीनं तिला विचारलं, “ती बंडी मागून आली आणि आत गेली. तुम्ही काही बोलला नाही?”

“कोणाले बोलू, बाई? ते रूपरावची बंडी. अध्यक्षाचा साळा हाय तो.” मनकर्णाबाईनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. “तुमी काऊन बसून राह्यल्या उन्हात?”

“पाहते आहे, काम कुठं अडतं ते.”

पुढच्या हंगामाआधी तिनं आपला आराखडा संस्थेपुढं मांडला. शेतकऱ्यानं नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा आणि घरी जायचं. कोणत्या दिवशी कुणाचा कापूस घ्यायचा ते मशीन नंबराप्रमाणे ठरवेल. रोज दुपारी दुसऱ्या दिवशीची यादी निघेल, आणि फाटकावरचा नत्थूजी ती भोंग्यावर वाचेल. यादी मराठीत हवी, यावर ती अडून बसली. मशीन विकणारे म्हणाले, छापयंत्राला मराठी येत नाही. तिनं चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर टिंबाटिंबांनी काढलं आणि यंत्राला शिकवलं. ‘ळ’ला फार त्रास झाला. तो शेवटपर्यंत थोडा कललेलाच राहिला.

हंगाम सुरू झाला आणि रस्ता मोकळा दिसू लागला. बंडी सकाळी यायची, संध्याकाळी रिकामी घरी जायची. मॅनेजर ओमप्रकाश आधी मशीनला शिव्या द्यायचा. तो आता पाहुण्यांना संगणक दाखवायला आणू लागला.

आणि मग अण्णाजींनी तिला आत बोलावलं.

“सगळं बेस झालं. एकच करा. कधी कोणाचं लग्न निघते, कोणी बिमार पडते. दोन-चार बंड्या पुढं घ्याची सोय अध्यक्षाच्या हाती पाहिजे.”

“खरी अडचण असेल तर हवीच,” प्रमोदिनी म्हणाली. “करून देते.”

अण्णाजी खूश झाले. इतक्या सहज होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिनं सोय करून दिली. अध्यक्षांनी सांगितलं की ओमप्रकाशनं एक कळ दाबायची, हवी ती बंडी यादीत वर यायची. बरोबर तसंच झालं. त्या दुपारी नत्थूजी भोंग्यावर नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचू लागला. समोर छापलेलं असेल ते सगळं वाचायचं, असं त्याला सांगितलेलं होतं.

“देवकाबाई, नंबर लागला. भागीरथा, नंबर लागला. रूपराव, तीन बंड्या, नंबर लागला नाई, अध्यक्षांच्या शब्दावरून.”

वजनकाट्यापाशी कुणीतरी हसलं, आणि हसू रस्त्यापर्यंत गेलं. रूपराव बंडीवरून उतरला आणि नत्थूजीच्या हातातला कागद हिसकून पाहू लागला. तिथं तसंच छापलेलं होतं.

अण्णाजींनी प्रमोदिनीला बोलावलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा दिलदारपणा गेला होता.

“ते शब्द काढा.”

“का? तुम्हीच सांगितलं ना पुढं घ्यायला?”

“मी सांगतलं पुढं घ्या. गावाले सांगा म्हणून नाई सांगतलं.”

“अण्णाजी, ज्याची बायको बाळंत होते आहे त्याला तुम्ही पुढं घेतलं, तर हेच शब्द भोंग्यावर येतील आणि लोक तुम्हाला दुवा देतील. हे शब्द कधी गोड लागतात आणि कधी टोचतात, ते तुमच्या हातात आहे. माझ्या नाही.”

“मशीन संस्थेची हाय, बाई.”

“मशीन संस्थेची. काम माझं. नंबर मागचा आणि बंडी पुढं, तरी यादी गप्प, असलं काम मी माझ्या नावानं करणार नाही. दुसऱ्याच्या नावानंही नाही.”

अण्णाजींनी ओमप्रकाशकडे पाहिलं. “बाईचा हिसाब करून द्या. उद्यापासून येऊ नका म्हणा.” ती समोरच बसली होती, पण ते तिच्याशी बोलले नाहीत.

नागपूरहून एक तरुण आला आणि त्यानं त्या ओळीचं छापणं बंद करून दिलं. त्याचं काही चुकलं असं प्रमोदिनीला वाटलं नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. वर्ध्याच्या खोलीत बसून ती रागानं धुमसत होती. यशोदाबाईंनी भाजी आणून ठेवली, तिनं हात लावला नाही. दहा वर्षं मुंबईत तिचं काम दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं. आता तिच्याच अक्षरांत, तिच्याच यादीत, लबाडी छापून निघणार होती आणि लोक म्हणणार होते, मशीननं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती सिंदीला गेली. शाळेतून एक जुना फळा मागून घेतला आणि जिनिंगच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, प्रमिलाबाईंच्या चहाच्या दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला. आल्यागेल्याला तिनं सांगितलं, तुमचा नंबर मला सांगा. नंबर पावतीवर होताच. ज्याचा नंबर आधीचा, त्याचं नाव वर. एवढाच तर नियम होता. त्याला मशीन कशाला लागतं? मशीन लागत होतं ते एवढ्या नावांच्या पसाऱ्यासाठी, आणि पसारा ती खडूनं आवरत बसली. बोटं पांढरी झाली. दुपारी नत्थूजीनं आतून भोंग्यावर यादी वाचली आणि बाहेर फळ्यावरची नावं लोकांनी वाचली. दोन्हींत कुठं फरक पडतो ते सांगायला कुणाची गरज उरली नाही.

ओमप्रकाश रस्ता ओलांडून आला. “मॅडम, हे काय चालवलंय? उठा इथून.”

“रस्ता सरकारचा आहे, ओमप्रकाशजी. भिंत प्रमिलाबाईंची. त्यांनी उठ म्हटलं तर उठते.”

प्रमिलाबाई चहा गाळत होत्या. “बसू द्या त्याईले. तुमाले चहा पाह्यजे का?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं. आतून रूपरावचं नाव पुकारलं गेलं. फळ्यावर वर मनकर्णाबाई होती. तिनं आपली बंडी फाटकाच्या मधोमध नेली आणि तिथंच बैल सोडले. तिच्या मागं देवकाबाईच्या मुलानं सोडले, मग त्याच्या मागच्यानं. रूपरावच्या बंड्या कडेला अडकल्या. आत जिनिंगला कापूस मिळेना. यंत्रं काही वेळ रिकामी फिरली आणि मग बंद करावी लागली.

अण्णाजी स्वतः बाहेर आले. माणसं उठून उभी राहिली, कारण मान होताच, पण बैल कुणी जुंपले नाहीत. ते मनकर्णाबाईला म्हणाले, “बंडी बाजूले घे, बाई.”

“आत घेतो, अण्णाजी. मायाच नंबर हाय.”

अण्णाजींनी रस्त्यापलीकडे पाहिलं. प्रमोदिनी फळ्यापाशी उभी होती. ती जागची हलली नाही, आणि तिनं नजरही हटवली नाही.

“तुमी मले गावात नंगं केलं, बाई,” ते तिथूनच म्हणाले.

“मी फळ्यावर नंबर लिहिले,” ती म्हणाली. “चुकले असतील तर सांगा. पुसून नीट लिहिते.”

चूक काढायला ते आले नाहीत. त्यांनी हातानं खूण केली आणि मनकर्णाबाईची बंडी आत गेली.

फळा हंगाम संपेपर्यंत भिंतीशी राहिला. ती नागपूरच्या कामावर असेल त्या दिवशी प्रमिलाबाईच नावं लिहायच्या. संस्थेच्या वार्षिक सभेत अण्णाजी पुन्हा अध्यक्ष झाले, आणि मोठ्या मताधिक्यानं झाले. जिनिंग त्यांनी उभं केलं होतं, ते लोक विसरले नव्हते. पण त्याच सभेत एक ठराव झाला, की कुणाला नंबर सोडून पुढं घेतलं तर कुणाच्या शब्दावरून, ते भोंग्यावर सांगायचं. ठरावाला हात वर करताना काही जण अण्णाजींकडे बघत होते. अण्णाजींनी स्वतःही हात वर केला. दुसरा इलाज नव्हता. प्रमोदिनीला मात्र त्यांनी परत बोलावलं नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.

देवळीच्या एका दूध संस्थेनं तिला काम दिलं, मग वर्ध्याच्या एका दवाखान्यानं. समुद्रपूरच्या जिनिंगवाल्यांनी एकोणनव्वद साली बोलावलं. संचालक ओळीनं बसले होते.

“सिंदीवाल्या बाई त्या तुमीच का?” एकानं विचारलं.

“मीच.”

“मंग तुमी आमचं आयकणार नाई.”

“कामाचं सगळं ऐकीन,” ती म्हणाली. “तुमची अडचण काय ते सांगा.”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा आला, चहा झाला, विचार करून कळवतो म्हणाले. काम काही मिळालं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मांडीवर दवाखान्याचा आराखडा उघडला आणि कोऱ्या जागेत एक नवा चौकोन काढला. रोगी आला की आधी कुणाला बघणार, आणि ते कोण ठरवणार, हे अजून तिथं लिहायचं होतं.