निवेदनाची पोहोच

पाटोद्यात मी मावशींच्या खानावळीत पोळ्या लाटतो. सातवीतनं शाळा सोडून कोकणातून इकडं आलो, तेव्हा त्यांनी कोण, कुठला न विचारता आधी ताट वाढलं होतं. त्यांचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. वरच्या बंद खदानीत परदेशातून आणलेला अणुकचरा पुरायचा घाट घातला होता, आणि खदानीच्या बरोबर खाली मावशींची विहीर.

हरकत द्यायचा शेवटचा दिवस. तहसीलच्या आवक खिडकीत, पाचच्या आत. कचऱ्याविरुद्धची आमची गावसमिती तीनलाच पोचली. मग फोटोत कोण कुठं उभं राहणार, यावरच तास गेला. मधोमध अर्थातच आमचे अध्यक्ष, निवृत्त गुरुजी. तहसीलदार साहेबांनी हरकतीचं निवेदन घेतलं, फोटो निघाला, तर गुरुजींचे डोळे मिटलेले. साहेबांनी कागद परत दिला, पुन्हा घेतला. मग कुणाचा तरी फलक उलटा. पुन्हा तेच. शेवटी साहेब मीटिंगला गेले आणि सगळे चहाला.

मीही त्यांच्या मागं हॉटेलात गेलो. गावाकडं माझ्या वडिलांनी एकदा रस्त्याच्या कामावर हरकत दिली होती, शिक्क्याची पोहोच घेतली नव्हती. कागद आलाच नाही, असं कचेरीवाले म्हणाले, आणि आमची काजूची झाडं गेली. मी भीतभीत विचारलं, शिक्का घेतला का?

गुरुजी म्हणाले, "फोटोत साहेब हायत न्हवं? मग शिक्का कावून पाहिजे?"

"पोळ्या करपतेत, जा बे," बाजूचा म्हणाला. सगळे हसले.

मी खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी रजिस्टर चाळलं. असा कागद आलेलाच नव्हता. पावणेपाच वाजले होते. पळत हॉटेलात आलो, गुरुजींना पिशवी उघडायला लावली. निवेदन आत, त्याच्या प्रतीसकट नीट घडी घालून ठेवलेलं. शेवटच्या फोटोनंतर साहेबांकडून परत आलेलं.

गुरुजींनी दोन्ही कागद माझ्या हातात दिले. "लई फोटो झाले," एवढंच म्हणाले.

खिडकीत बाईंनी विचारलं, कुठले तुम्ही? कोकण म्हणालो तर कागद परत करतील या धाकानं मी मावशींच्या खानावळीचा पत्ता सांगितला. पाचला पाच कमी असताना प्रतीवर शिक्का पडला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी जेवायला आले. म्हणाले, ती शिक्क्याची प्रत दे, तिच्यासंगं एक फोटो घेऊ.

मी हाताचं पीठ पुसलं. प्रत दोन्ही हातांनी धरली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. "घ्या," म्हटलं, "पण सोडणार नाही."